बाधित

पणजीची बस पुलावर अडकली की
मी फाईल मांडीवर उभी धरतो.
मागच्या तारखेला माशांच्या पाटीतलं पाणी
पान बाविसावर गळलं होतं,
आणि पान बावीस म्हणजे लेखापरीक्षकाचा शेरा.

शेरा एका वाक्याचा:
मानशीच्या दुरुस्तीची रक्कम
मंजुरीविना पतसंस्थेत ठेवलेली आढळली.
पुढच्या वर्षी
पतसंस्थाच आढळली नाही.

अकरा लाख चाळीस हजार.
त्यातून सागवानी फळ्या यायच्या होत्या,
कातळाचा पाया, बिजागऱ्या, डांबर.
आता भरतीला खाडी सरळ आत येते,
खाजनात भाताऐवजी शेवटे फिरतात,
पोरं गळ टाकून बसतात जिथे कुसुम च्यारीण
लावणीला वाकायची.

मी फेरीबोटीवर होतो, बत्तीस वर्षं.
चालत येणाऱ्याला तिकीट नाही, चारचाकीला आहे.
एका संध्याकाळी हिशेबात चौदा रुपये कमी आले.
खात्याने मेमो दिला,
पगारातून चौदा रुपये कापले
आणि कापल्याची पावतीही दिली.
ती अजून आहे. फाईलमध्ये लावायची होती,
वकिलाची पोर म्हणाली, काका, हिचा इथे संबंध नाही.

सरपंच आवेलिन मिरांद वारला.
मृताकडून वसुली होत नाही, असं कलम आहे.
राहिला सचिव, जनार्दन खोर्जुवेकर.
त्याच्यावर निघालेला वसुलीचा हुकूम
वरच्याने रद्द केला: रक्कम सद्भावनेने गुंतवली.
म्हणून हे अपील.
सह्या एकतीस, त्यातल्या दोन
नंतर काढून घेतल्या,
एकीच्या पोराला नोकरी लागली, दुसरीचं मला ठाऊक नाही.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
आपलं वैयक्तिक नुकसान काय?
मी म्हणालो, गावात एकोणीसशे माणसं.
भागाकार केला, माझ्या वाट्याला सहाशे रुपये.
कोपऱ्यातला कारकून हसला.
साहेब हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं:
अपीलदारास बाधित व्यक्ती म्हणता येईल काय?
मी घरपट्टीची पावती पुढे सरकवली,
एकशे चौऱ्याऐंशी, शिक्का निळा, सही खोर्जुवेकराची.

बाहेर बाकावर तोच बसला होता.
गाव एक, बस एक, बाकही एकच.
म्हणाला, शाणू, माझेसुद्धा तीन लाख त्यातच होते.
एक टक्का जास्त देत होते रे.
पोरीच्या लग्नाचे.
मला हे माहीत नव्हतं.
बराच वेळ आम्ही समोरच्या पंख्याकडे बघत राहिलो,
तो फिरत होता आणि वारा
दुसऱ्याच कोणाला लागत होता.

मग मी म्हणालो, तुझे तीन लाख तू ठेवलेस,
आमचे अकरा पण तूच ठेवलेस.
चोर मी कुठेच लिहिलेलं नाही, बघ, पान चार ते नऊ.
मी फक्त लिहिलंय: भरावे.

तो काही बोलला नाही.
परतीच्या बसला त्याने दोघांची तिकिटं काढली.
उतरताना माझे वीस रुपये त्याच्या हातावर ठेवले.
घेतले त्याने. नोटेची घडी उलगडून पाहिली,
मग घेतले.

हुकूम काल टपालाने आला. दीड पान.
बाधित नाही, सबब फेटाळण्यात येत आहे.
वर जायला तीस दिवस आहेत,
त्यातला एक आज गेला.
संध्याकाळी बांधावर गेलो होतो,
ओहोटी होती, मानशीतून पाणी बाहेर पडत होतं
आपल्याच घरातून निघाल्यासारखं, सावकाश.
खाली वाकून एक फळी ओढली,
ती हातात आली.
घरी आणलीय. पान तेवीस म्हणून
लावता येते का, विचारायचंय.